शांतिरक्षण, शांतिस्थापना आणि शांतता-उभारणी

प्रश्न असा आहे: युद्धातून बाहेर पडणाऱ्या देशांबद्दल लिहिताना हे तीन शब्द आलटून पालटून वापरले जातात. ते समानार्थी आहेत का?

नाहीत, आणि ते एकमेकांत मिसळले की मजकुराचा अर्थच बिघडतो. नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी सत्तरच्या दशकात या तीन कामांत भेद केला. पुढे १९९२मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बुट्रोस बुट्रोस-घाली यांच्या अहवालामुळे तो सर्वत्र रुळला.

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचे उदाहरण घ्या. तिथल्या यादवी युद्धात १९९९मध्ये टोगो देशाची राजधानी लोमे येथे सरकार आणि बंडखोरांत करार झाला. दोन्ही बाजूंना बोलणीला बसवून तो घडवून आणणे म्हणजे शांतिस्थापना. करारानंतरही चकमकी पेटल्याच. संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याने मध्ये उभे राहून त्या आवरल्या आणि हजारो लढणाऱ्यांकडून शस्त्रे काढून घेतली, ते शांतिरक्षण. २००२मध्ये युद्ध संपल्याचे जाहीर झाले आणि २००५च्या अखेरीस हे सैन्य परतले.

पण ज्याने घर जाळले तो आणि ज्याचे जळले तो, दोघे परतले एकाच गावात. त्यांनी पुन्हा एकमेकांशेजारी शेती कशी करायची, हे कोणत्याही करारात लिहिलेले नसते. तिथे २००७च्या सुमारास ‘फाम्बुल टोक’ हा उपक्रम सुरू झाला. तिथल्या क्रिओ भाषेत याचा अर्थ ‘कुटुंबातले बोलणे’. रात्री शेकोटीभोवती गाव जमते, ज्याच्यावर अत्याचार झाला तो बोलतो, करणारा कबुली देऊन क्षमा मागतो. पुढे काही गावांनी सामायिक शेतीही सुरू केली. शाळा, रस्ता, विहीर, रोजगार ही सगळी कामे याच खात्यात येतात. ही शांतता-उभारणी.

‘शांतता प्रस्थापित करणे’ हा प्रयोग मला शांतता-उभारणीच्या अर्थाने मुळीच पटत नाही. मराठीत तो ‘सुव्यवस्थे’च्या जोडीने येतो आणि वरून हुकूम सुटल्यासारखा वाटतो. शिवाय आपल्याकडे ‘शांतता’ म्हणजे गप्प बसणेही होते. इथे तर लोकांनी बोलणेच मोलाचे आहे. ‘उभारणी’त वेळ लागतो, अनेक हात लागतात, आणि ती अर्धवटही राहू शकते. हे तिन्ही अर्थ इथे हवेतच.

तोच विवेक ‘तह’ आणि ‘सलोखा’ वापरतानाही ठेवावा. तह राज्यकर्ते आणि सेनापती करतात. सलोखा शेजाऱ्यांनाच करावा लागतो. म्हणून ‘सरकारने गावात सलोखा केला’ असे लिहू नये. ‘सलोख्याला सरकारने मदत केली’ असे लिहावे.