बोकडाचं वीर्य सकाळपर्यंत का मरतं

दादा, तुम्ही लिहिलंय की उस्मानाबादी बोकडाचं वीर्य ट्रिस (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) आणि 20 टक्के अंड्याच्या बलकात मिसळून फ्रिजला ठेवलं, संध्याकाळी मस्त पळत होतं आणि सकाळी बघितलं तर सगळं मेलेलं. माझ्या मते फ्रिज बिघडलेला नाहीये, फॉर्म्युला बैलाचा वापरलाय. बोकडाच्या सेमिनल प्लाझ्मात, म्हणजे शुक्राणू ज्या पाण्यात पोहतात त्यात, एक एन्झाइम असतं, ते बलकातला लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ फोडतं आणि त्यातून जे लायसोलेसिथिन तयार होतं ते शुक्राणूंनाच मारतं. मीपण सुरुवातीला असंच सॅम्पल घालवलंय, स्लाइडवर सगळे जागच्या जागी, एखादाच शेपूट हलवत होता, बघून पोटात कालवलं अक्षरशः.

यावर एक उपाय म्हणजे वीर्य ट्रिसमध्ये पातळ करून सेंट्रिफ्यूजला, म्हणजे शुक्राणू तळाशी बसवणाऱ्या यंत्रात, जोरात फिरवायचं आणि वरचं पाणी काढून टाकायचं, पण त्यात बरेच शुक्राणू वाया जातात आणि गोठ्यावर कोण सेंट्रिफ्यूज घेऊन बसणार. त्यापेक्षा बलक 2 टक्क्यांच्या आसपास ठेवा नाहीतर सरळ स्किम मिल्क वापरा. दूध मात्र वॉटर बाथमध्ये 92 ते 95 डिग्रीला 10 मिनिटं तापवून, मग गार करून घ्यायचं, कारण कच्च्या दुधातलं लॅक्टेनिन नावाचं प्रोटीन शुक्राणूंना चालत नाही. दुधातल्या फॅटवरही एन्झाइम काम करतं म्हणून फुल क्रीम नकोच.

आता थंड करणं, इथे घाई झाली की संपलं. वीर्य आणि डायल्युटर (वर सांगितलेलं बलकाचं किंवा दुधाचं मिश्रण) दोन्ही 37 डिग्रीला असताना मिसळा, मग ट्यूब कोमट पाण्याच्या मोठ्या ग्लासात उभी करून अख्खा ग्लासच फ्रिजला ठेवा म्हणजे 5 डिग्रीला यायला दीड-दोन तास तरी लागतात. थेट बर्फावर ठेवलं तर कोल्ड शॉक बसतो, आणि त्यातून ते परत उठत नाहीत. ट्यूब काठोकाठ भरा, आत हवा कमी राहिली पाहिजे.

24 तासांच्या आत वापरून टाका, 48 तासांनंतर मी तरी शेळीला भरत नाही. शेळी माजावर आल्यावर लगेच भरू नका, तिचं स्त्रीबीज माजाच्या शेवटाकडे सुटतं, म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा. आणि भरण्याआधी एक थेंब कोमट स्लाइडवर नक्की बघा, गार स्लाइडवर चांगलं वीर्यही मेल्यासारखं दिसतं आणि लोक उगाच ओतून देतात.