जर्मन सोडायला लावू का?

प्रश्न : ताई, मी ठाण्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला जर्मन शिकवते. आठवीतल्या एका मुलाला डिस्लेक्सिया आहे. तोंडी विचारलं की पटापट उत्तरं देतो, उच्चारही छान, पण घटक चाचणीत सगळी स्पेलिंग उलटीपालटी. बाकीचे शिक्षक म्हणतात याला इंग्रजीच झेपत नाही, जर्मन कशाला, सोडायला लावा. आई रडकुंडीला आलीये. वर्गात चाळीसच्या वर मुलं, एकट्याला वेळ कुठून देऊ?

उत्तर : लगेच सोडायला लावू नका, प्लीज. इंग्रजी झेपत नाही म्हणजे जर्मनही झेपणार नाही, असं नसतं हो. इंग्रजी स्पेलिंगचा काही भरवसा नाही, जर्मनमध्ये मात्र लिहिलंय तसं वाचायचं हे बऱ्यापैकी पाळलं जातं, त्या बाबतीत ती मराठीच्या जवळची. असे पक्के नियम या मुलांना मोठा आधार असतात, फक्त ते आपोआप लक्षात येतील असं धरून चालायचं नाही, फोड करून पुन्हा पुन्हा शिकवायचे.

आता बघा, जर्मनमध्ये तीनला द्राय (drei) आणि चारला फीअर (vier). दोन्हीत ई आणि आय ही अक्षरं शेजारी-शेजारी, फक्त क्रम उलटा, आणि नेमका तिथेच घोळ होतो. त्याला सांगा, जोडीतल्या दुसऱ्या अक्षराचं इंग्रजी नाव म्हणजेच उच्चार. आय दुसरं असेल तर 'आय', ई दुसरं असेल तर 'ई'. आठवडाभर ही एकच जोडी घ्या, फळ्यावर मोठ्ठी लिहा, मुलांनी मोठ्याने म्हणत बाकावर बोटाने गिरवायची, म्हणजे डोळे, कान, तोंड, हात सगळं एकदम कामाला लागतं. अमेरिकेत मेंदूविकारतज्ज्ञ ऑर्टन आणि शिक्षिका गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात याच धर्तीवर काम सुरू केलं आणि आजही अशा मुलांना शिकवणारे बरेच रेमेडियल टीचर तेच वापरतात. हे अख्ख्या वर्गाला करा, मग एकट्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही आणि तो मुलगा वेगळा पडतही नाही.

जर्मनमध्ये नामाच्या लिंगाप्रमाणे त्याआधी देअर, दी किंवा दास लागतं, त्यांना निळा, लाल, हिरवा रंग बरेच जण देतात, चांगलंय, पण काही मुलांना लाल-हिरवा ओळखू येत नाही, म्हणून फळ्यावर जागाही ठरवून टाका, डावीकडे देअर, मधे दी, उजवीकडे दास, आणि वर्षभर ती बदलू नका.

मार्कांचं मात्र मला मनापासून वाटतं ते सांगते. त्याला शब्द येतो का हे बघायचं असेल तर स्पेलिंगचे मार्क कापू नका, स्पेलिंग वेगळं तपासा. डिक्टेशनला पूर्ण वाक्याऐवजी गाळलेला शब्द भरायला द्या. आणि सगळ्यांसमोर अचानक उभं करून वाचायला तर अजिबात लावू नका, आदल्या दिवशी उतारा सांगून ठेवा.

आईला सांगा, डिस्लेक्सियाच्या सर्टिफिकेटचं काम आत्ताच सुरू करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो, आणि दहावीला बोर्ड जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती देतं, पण तपासण्यांना वेळ लागतो. तुम्हाला जवळ सायन हॉस्पिटलचं एलडी, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, क्लिनिक आहे. पुढे त्याला मॅक्सम्युलर भवनची जर्मनची परीक्षा द्यायची असेल तर तिथेही अशा विद्यार्थ्यांसाठी सोय करतात, फक्त फॉर्म भरतानाच कागदपत्रांसकट सांगायचं.