अमेरिकेत शिक्षिका व्हायचंय, तर कम्युनिटी कॉलेजात अर्थशास्त्राचे कोर्स घ्यावेत की एज्युकेशनचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: महाराष्ट्रातून अर्थशास्त्र घेऊन तीन वर्षांचं बी.ए. केलंय, नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर टेक्सासात आहात. जवळच्या कम्युनिटी कॉलेजच्या (विद्यापीठाची पहिली दोन वर्षं शिकवणारं स्थानिक कॉलेज) यादीत अर्थशास्त्राचेही कोर्स दिसतात आणि एज्युकेशनचेही. यातले कुठले घेतले म्हणजे हायस्कूलमध्ये अर्थशास्त्र शिकवता येईल?

मी याच राज्यात याच वाटेनं गेले आणि आता सरकारी हायस्कूलमध्ये सोशल स्टडीज शिकवते. त्यामुळे आडपडदा न ठेवता सांगते. अर्थशास्त्राचे कोर्स घेऊ नका. एज्युकेशनचे दोन घ्या, आणि उरलेला वेळ नि पैसा अमेरिकेचा इतिहास आणि राज्यव्यवस्था शिकण्यात घाला. ऐकायला उलटं वाटेल, पण त्याला कारण आहे.

निव्वळ 'अर्थशास्त्राची शिक्षिका' अशी जागा इथे सहसा निघतच नाही. टेक्सासात बारावी पास व्हायला अर्थशास्त्राचं अर्धं क्रेडिट लागतं, म्हणजे एका सेमिस्टरचा विषय. (त्या विषयाच्या अधिकृत नावातच 'फ्री एंटरप्राइझ पद्धती आणि तिचे फायदे' यांवर भर असल्याचं लिहिलेलं आहे. नियोजन आयोग आणि पंचवार्षिक योजना पाठ करून आलेल्या आपल्यासारख्यांना पहिल्यांदा वाचताना हसू येतं.) एका शाळेत या विषयाचे तास ते किती असणार? ते ज्याच्याकडे जातात तो सोशल स्टडीजचा शिक्षक असतो. उरलेल्या वेळात तो इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र शिकवतो. सर्टिफिकेटही तसंच मिळतं: 'सोशल स्टडीज, सातवी ते बारावी'. त्यासाठी 'टेक्सेस' (TExES) ही राज्याची शिक्षक-परीक्षा असते. तिच्यात अमेरिकेच्या इतिहासाला सुमारे २० टक्के आणि जगाच्या इतिहासाला सुमारे १५ टक्के वाटा आहे. टेक्सासचा इतिहास वेगळाच, सुमारे १३ टक्के. आणि आपलं अर्थशास्त्र? तेही सुमारे १३ टक्के, तेसुद्धा विज्ञान-तंत्रज्ञान-समाज या भागाशी जोडून. कॅलिफोर्नियात गेलात तरी चित्र फारसं बदलत नाही. तिथे 'सोशल सायन्स'चं क्रेडेन्शियल, म्हणजे शिकवण्याचं प्रमाणपत्र, असतं आणि अर्थशास्त्र एका सेमिस्टरचंच.

आता कम्युनिटी कॉलेजात अर्थशास्त्राचं काय शिकवतात ते पाहू. इकॉन २३०१ म्हणजे मॅक्रो, २३०२ म्हणजे मायक्रो. टेक्सासात या आकड्यांतला पहिला आकडा वर्ष सांगतो आणि दुसरा क्रेडिट, म्हणून दोन्ही दुसऱ्या वर्षाचे, तीन-तीन क्रेडिटचे कोर्स. मागणी-पुरवठा, लवचिकता, मक्तेदारी, जीडीपी, बेकारी, महागाई, राजकोषीय आणि चलनविषयक धोरण. तुम्ही हे सगळं केलंय, आणि बहुधा याहून खोलात केलंय. नवं असेल ते फेडरल रिझर्व्ह (फेड), म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक. ती १९१३ च्या कायद्यानं उभी राहिली, तिच्या बारा प्रादेशिक बँका आहेत, व्याजदर ठरवणारी समिती वर्षातून आठ वेळा नियमित बसते. आपल्या रिझर्व्ह बँकेसमोर २०१६ पासून महागाईचं ४ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलेलं आहे. फेडला मात्र १९७७ च्या दुरुस्तीपासून रोजगार आणि स्थिर किमती ही दोन्ही उद्दिष्टं सांभाळावी लागतात. हा फरक डोक्यात बसला की अर्धं काम झालं. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं अर्थशास्त्राचं पाठ्यपुस्तक इंटरनेटवर फुकट आहे. तेवढे धडे घरी वाचा, त्यासाठी फी भरायची गरज नाही.

अर्थशास्त्राचा कोर्स घ्यावा अशी एक परिस्थिती मात्र आहे. पुढे अर्थशास्त्रात मास्टर्स करायचं असेल आणि पदवी होऊन बरीच वर्षं गेली असतील, तर अलीकडची अमेरिकन 'ए' श्रेणी ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) असलेली बरी. कॉलेजात शिकवायला साधारणपणे त्या विषयातली मास्टर्स मागतात, हेही इथेच लक्षात घ्या. हायस्कूल आणि कम्युनिटी कॉलेज या शिकवण्याच्या दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत.

एज्युकेशनच्या कोर्सबद्दल मात्र मी तासभर बोलू शकते. एज्यु १३०१ ही शिक्षकी पेशाची ओळख आहे आणि २३०१ विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांबद्दल आहे. दोन्हींत किमान सोळा-सोळा तास खऱ्या शाळेत, खऱ्या वर्गात बसून निरीक्षण करावं लागतं. आधी पार्श्वभूमी तपासणी होते, मग कॉलेज तुम्हाला शाळा मिळवून देतं. बाहेरच्या माणसाला अमेरिकन शाळेच्या वर्गात पाऊल ठेवणं किती कठीण आहे हे तुम्ही पालक म्हणून पाहिलंच असेल. फाटकावर ओळखपत्र, गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला, सोबत कुणीतरी. या कोर्समुळे ते दार रीतसर उघडतं.

आत गेल्यावर पहिला धक्का बसतो तो हा की शिक्षक फार कमी बोलतो. आपल्याकडे चांगला शिक्षक म्हणजे तास रंगवणारा. इथे मुलं आत आली की फळ्यावर एक छोटा प्रश्न तयार असतो, त्याला बेल रिंगर म्हणतात. मग दहा-पंधरा मिनिटं शिकवणं, मग गटात काम, आणि जाताना प्रत्येकानं चिठ्ठीवर एक उत्तर लिहून द्यायचं, ते एक्झिट तिकीट. हे सगळं लेसन प्लॅनमध्ये मिनिटांसकट आधी लिहिलेलं असतं. पुस्तकात वाचून हे कळत नाही. ज्या वर्गात हे बिनसतं तो वर्गही पाहायला मिळतो आणि खरं तर तिथेच जास्त शिकायला मिळतं. शिक्षिका आवाज चढवत नाही, त्या मुलाच्या बाकाशेजारी जाऊन उभी राहते, शिकवणं चालूच ठेवते. मी वहीत असल्याच गोष्टी टिपल्या होत्या.

दुसरा कोर्स तर आपल्यासाठी जवळजवळ नवा विषय आहे. अपंग मुलांना मोफत आणि योग्य शिक्षण मिळण्याचा हक्क देणारा कायदा अमेरिकेत १९७५ साली झाला. आज तो आयडिया या नावानं ओळखला जातो. त्याखाली प्रत्येक पात्र मुलासाठी आयईपी, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखडा, लेखी तयार होतो. तो विशेष शिक्षकापुरता नसतो. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आराखड्यात 'परीक्षेला दीडपट वेळ' असं लिहिलं असेल, तर इतिहास शिकवणाऱ्या तुम्हाला तो द्यावाच लागतो. त्याखेरीज ५०४ प्लॅन, म्हणजे अपंग मुलांसाठी सोयी-सवलतींचे आराखडे, असतात, ते १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातल्या त्या क्रमांकाच्या कलमावरून. नोकरीच्या मुलाखतीत यावर हमखास प्रश्न येतो आणि भारतात शिकून आलेले बहुतेक जण तिथे अडखळतात.

आणखी एक फायदा: हे कोर्स शिकवणारे बरेचदा शाळांमध्ये नोकरी केलेले लोक असतात. शिफारसपत्र लागतं तेव्हा त्यांच्या शब्दाला शाळेत वजन असतं.

हे सगळं ठीक, पण सगळ्यात आधी पदवीचं इव्हॅल्युएशन, म्हणजे ती कुठल्या अमेरिकन पदवीच्या बरोबरीची याची तपासणी, करून घ्या. टेक्सासची शिक्षण एजन्सी स्वतः मान्य केलेल्या संस्थांचंच इव्हॅल्युएशन धरते, त्यामुळे आधी ती यादी पाहा. आपल्या तीन वर्षांच्या बी.ए.चा निकाल प्रत्येक संस्थेकडे सारखा लागत नाही. कुणी तिला अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची धरतं, त्यात कॉलेजची नॅक श्रेणी आणि तुमचा क्लासही पाहिला जाऊ शकतो. कुणी सरळ 'तीन वर्षांचं पदवी शिक्षण' एवढंच लिहितं. बॅचलर्स धरली गेली तर अल्टरनेटिव्ह सर्टिफिकेशनचा (आधीच पदवी असलेल्यांनी शिक्षक व्हायचा) रस्ता खुला होतो, आणि त्याला साधारणपणे किमान २.५ जीपीए (४ पैकी सरासरी गुण) लागतो. नाही धरली गेली तर बॅचलर्स पुरी करावी लागेल, आणि मग कम्युनिटी कॉलेजचे स्वस्त क्रेडिट खरंच उपयोगी पडतात. दोन्ही बाजूंनी हिस्ट (अमेरिकेचा इतिहास) १३०१, १३०२ आणि गव्हर्न्मेंट २३०५, २३०६ हे चार कोर्स वाया जात नाहीत. राज्याच्या सरकारी विद्यापीठांत पदवीसाठी इतिहासाचे सहा आणि राज्यव्यवस्थेचे सहा क्रेडिट सक्तीचेच आहेत, आणि टेक्सेसची तयारीही त्यातच होते.

कॉलेजातली ॲडव्हायझर बहुधा तुम्हाला 'असोसिएट ऑफ आर्ट्स इन टीचिंग' सुचवेल. ती साठ क्रेडिटची दोन वर्षांची पदवी आहे आणि अठरा वर्षांच्या मुलांसाठी उत्तम आहे, कारण ती घेऊन ते विद्यापीठात ट्रान्सफर होतात. पण एवढ्यावर सरकारी शाळेचं सर्टिफिकेट मिळत नाही. बॅचलर्स लागतेच. तुमची बी.ए. मान्य झाली असेल तर ही पदवी घेण्यात अर्थ नाही. ॲडव्हायझर माणसं भली असतात, पण त्यांच्यासमोर बसणारे बहुतेक जण नुकते शाळा सोडून आलेले असतात, त्यामुळे सल्लाही त्याच साच्यातला येतो. आपली ट्रान्सक्रिप्ट पुढे ठेवूनच बोला.

व्हिसाचं थोडक्यात. एच-४ वर शिकायला बंदी नाही, नोकरीला आहे. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज) मंजूर झालं असेल तर २०१५ पासून एच-४ ईएडी, म्हणजे नोकरीचा परवाना, मिळतो. अल्टरनेटिव्ह सर्टिफिकेशनमधलं इंटर्नशिपचं वर्ष ही पगारी नोकरी असते, म्हणजे ईएडीशिवाय ते सुरूच होत नाही. संघराज्य सरकारची आर्थिक मदत एच-४ ला मिळत नाही, तेव्हा फॉर्म भरण्यात वेळ घालवू नका. फी मात्र तुम्ही कुठल्या जिल्ह्यात राहता आणि राज्यात किती काळ राहिलात त्यावर बरीच बदलते. प्रवेश घेण्याआधी रेसिडेन्सीबद्दल लेखी विचारून ठेवा, घरभाड्याचा करार जपून ठेवा.

'कम्युनिटी कॉलेज म्हणजे कमी दर्जाचं' असं नातेवाइकांपैकी कुणीतरी म्हणेलच. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ पासून हेच काम करतंय: विद्यापीठाची पहिली दोन वर्षं गावातच शिकवायची. टेक्सासात इथला हिस्ट १३०१ सरकारी विद्यापीठातही नेमका तोच कोर्स म्हणून धरला जातो.

ईएडी आहे की नाही आणि इव्हॅल्युएशन कुणाकडून करताय ते खाली लिहा. त्यावरून आधी टेक्सेस द्यायची की आधी एज्यु १३०१ घ्यायचा ते सांगते.