गच्चीवर पवनचक्की लावायच्या आधी
हे बघ भाऊ, देवासच्या टेकडीवर पवनचक्क्या फिरतात म्हणून इंदूरला शाळेच्या गच्चीवर पण फिरेल असं धरून चालू नकोस, इथं चारी बाजूंनी बिल्डिंगा नि टाक्या, वारा त्यांवर आपटून घुमत येतो, चक्की सारखी तोंड फिरवत बसते नि बेअरिंगची वाट लागते. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की पॉवर थेट आठवा हिस्सा, आणि ब्रोशरमधले वॅट बहुतेक सेकंदाला 11-12 मीटर वाऱ्याचे असतात, एवढा वारा आपल्याकडे रोज कुठला! आधी ॲनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) लावून वर्षभर मोज, नुसता जून-जुलै नको. मोकळं शेत असेल तर टॉवर आसपासच्या झाडांपेक्षा 10 मीटर तरी उंच ठेव. शाळेत पोरांना दाखवायला छोटी चालेल, वर्गातल्या पंख्यांचा लोड मात्र सोलरवरच टाक.