ऑइल पेंटिंग काचेला चिकटलं, आणि फ्रेमवाला म्हणतो ‘आम्ही जबाबदार नाही’

प्रश्न : कोल्हापूरच्या एका वाचक भगिनींनी आजोबांचं जुनं ऑइल पोर्ट्रेट घरी लावण्यासाठी एप्रिलमध्ये फ्रेम करून घेतलं. मजुरी ८,५०० रुपये, त्यातले ६,००० दिले. ऑगस्टमध्ये चेहऱ्याचा भाग काचेला चिकटलेला दिसला. काच थोडी उचलताच कपाळाजवळचा रंग निघाला. पावतीवर ‘चित्राच्या नुकसानीस दुकान जबाबदार नाही’ असं छापलंय. उरलेले २,५०० मिळेपर्यंत, नंतर वेगळ्या पावतीवर दिलेलं आजीचं चित्रही देणार नाही, असं दुकानदार म्हणतो.

उत्तर : ताई, आधी काच उचलणं थांबवा. चित्र फ्रेमसकट आडवं ठेवा, हेअर ड्रायर किंवा पाणी लावू नका. सुटलेल्या रंगाच्या पापड्या बटर पेपरच्या पाकिटात ठेवून वर तारीख घाला. जुनी फ्रेम, काच, मागचा हार्डबोर्ड, खिळे, काहीही टाकून देऊ नका; तोच तुमचा पुरावा आहे. समोरून, मागून आणि कडेने, शेजारी फूटपट्टी धरून फोटो काढा. काच आणि रंग यांच्यात फट नाही, हे कडेच्या फोटोत दिसायला हवं.

कारण सगळा मुद्दा त्या फटीचा आहे. ऑइलच्या चित्राला सहसा काच लावत नाहीत. लावायचीच तर काचेच्या कडेने स्पेसर, म्हणजे काच आणि चित्र वेगळं ठेवणारी पट्टी, घालून पाच-सहा मिलिमीटर अंतर ठेवतात. रंगावरचं व्हार्निश उन्हाळ्यात मऊ पडतं, पावसाळ्यात आत ओल धरते आणि काचेला टेकलेला भाग चिकटतो. फ्रेमचं काम करणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं. म्हणून हे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) खालील सेवेतली त्रुटी ठरू शकते. मात्र ‘काच हवीच’ असा आग्रह तुम्ही धरला होता का, हे आठवून पाहा. धरला असेल, तर दुकानदार तोच बचाव घेईल. मग ‘स्पेसर का घातला नाही आणि धोका का सांगितला नाही’ यावर भर द्यावा लागेल. व्हॉट्सअॅपवरचं संभाषण पुसू नका. ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. काच तुम्ही उचललीत हेही तक्रारीत स्वतःच लिहा. लपवलंत तर सगळं नुकसान तुमच्या माथी मारलं जाईल.

पावतीवरच्या ओळीला घाबरू नका, पण खाली तुमची सही आहे का ते पाहा. भारती निटिंग विरुद्ध डीएचएल (१९९६) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सही केलेल्या कुरियर पावतीवरची भरपाईची मर्यादा मान्य केली होती. सही नसेल आणि अट कोणी दाखवलीही नसेल, तर ‘ही अट मी मान्यच केली नव्हती’ असं ठामपणे मांडा. ती अट ‘अन्याय्य करार’ म्हणून रद्द करा, अशी मागणी मात्र जिल्हा ग्राहक आयोगापुढे करू नका. तो अधिकार राज्य ग्राहक आयोगाचा आहे, आणि या एका मागणीपायी तक्रार अडकते.

आजीच्या चित्राची बाजू तुमच्यासाठी अधिक भक्कम आहे. करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार कारागीर ज्या वस्तूवर काम केलं तीच वस्तू, त्याच कामाच्या मजुरीसाठी अडवू शकतो. कोणत्याही जुन्या बाकीसाठी माल अडवण्याचा कलम १७१ चा हक्क बँकर वगैरे मोजक्यांनाच आहे. फ्रेमवाल्यांसाठी तो वेगळ्या करारानेच येतो. पावत्या वेगळ्या आहेत हे तुमच्या पथ्यावर पडतं. आजीच्या चित्राची मजुरी पूर्ण द्यायची लेखी तयारी दाखवा आणि चित्र मागा. ते तिथे असेपर्यंत वाजवी काळजी घेणं कलम १५१ नुसार त्याच्यावर बंधनकारक आहे.

आता भरपाई. ‘चित्र अमूल्य आहे’ म्हणून दहा लाख लिहू नका. चित्रसंवर्धकाकडून लेखी अहवाल आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक घ्या. अहवालात नुकसानीचं कारण स्पष्ट असावं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, तिथेही चौकशी करता येईल. दुरुस्ती अहवालानंतरच. दुरुस्तीचा खर्च, दिलेले ६,००० आणि मनस्तापाची माफक रक्कम, एवढं मागा.

स्पीड पोस्टने १५ दिवसांची नोटीस पाठवा. ती कायद्याने सक्तीची नाही, पण बऱ्याचदा प्रकरण तिथेच मिटतं. नाही मिटलं तर कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते. तक्रार जिल्हा आयोगात की वरच्या आयोगात, हे चित्राच्या किमतीवर नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. वाद नको म्हणून ती एप्रिलपासूनच मोजा.

यापुढे कोणतंही चित्र फ्रेमला देताना पावतीवरच लिहून घ्या : काच नाही, किंवा स्पेसरसह काच, चित्राभोवती दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा, स्ट्रेचरमध्ये (कॅनव्हास ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीत) खिळे न ठोकता पट्ट्या स्क्रूने फ्रेमला बसवणे, आणि चित्राची आजची स्थिती, फोटोसह.