सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग भावाला घरी का सोडत नाहीत?

मोहोळजवळ गाडी घसरून हँडल पोटात बसलं, सोनोग्राफी नॉर्मल आली, भाऊ चालतोय-बोलतोय, तरी डॉक्टर आणखी एक दिवस उपाशी ठेवून दाखल ठेवतायत; बिल वाढवायला का, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापुरात सर्जरी वॉर्डात सिस्टर होते. पोटाला मुका मार असेल तर थांबवून ठेवणं हाच उपचाराचा भाग असतो.

घाईत केलेली सोनोग्राफी मुख्यतः पोटात रक्त साठलंय का ते बघते. लिव्हर किंवा प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा अवयव) फाटली तर ते पटकन कळतं. आतडं फुटलं तर सुरुवातीला बाहेर येतं ते थोडंसंच, म्हणून सोनोग्राफीत सुटतं. सीटी स्कॅन जास्त भरवशाचा, पण पहिल्या काही तासांत तोही फसू शकतो. लिव्हर-प्लीहा शाबूत आणि तरी पोटात पाणी दिसलं, की ते आतड्यातून आलं असेल म्हणून सर्जन सावध होतात. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत आतड्याबाहेर हवा दिसली तर निदान झालंच. नाही दिसली म्हणून सुटलो असं नाही.

हँडलचा सगळा जोर एका जागी बसतो आणि आतडं मागच्या मणक्यावर चेपलं जातं. त्याहून फसवी जखम म्हणजे आतड्याला रक्त पोचवणारा पडदा फाटणं. आतडं आज ठीक दिसतं आणि दोन-तीन दिवसांनी काळं पडून फुटतं. सायकलचं हँडल लागलेल्या लहान मुलाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरव्या उलट्या सुरू झाल्या, तर तेही हलक्यात घेऊ नका.

म्हणून दर काही तासांनी नाडी, बीपी, ताप बघतात आणि पोट दाबून बघतात, शक्यतो एकाच डॉक्टरच्या हाताने. नाडी वाढत चालली, पोट कडक झालं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी चढल्या, की पोट उघडावं लागतं. तिथे उशीर झाला तर घाण पोटभर पसरते. छोटं भोक असेल तर टाके घालून भागतं. जास्त फाटलं असेल तर तेवढा भाग कापून टोकं जोडतात. पेशंट फार खालावलेला असेल तर शौचाची वाट काही महिने पोटावर काढावी लागते. ती बहुतेकदा नंतर बंद करता येते.

आणि कृपा करून चोरून चहा-बिस्किट देऊ नका. आमच्या वॉर्डात नातेवाइकांची ही हौस काही केल्या जात नसे! भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं हवं. दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते औषध देतील. बाहेरून इंजेक्शन आणून टोचू नका.

घरी सोडल्यावरही आठवडाभर ताप, उलट्या, पोटफुगी, गॅस न सरणं यावर लक्ष ठेवा. यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा. गाडी नसेल तर १०८ लावा.

आज डॉक्टरांना एवढं विचारा: सीटी केला का, पोटात पाणी होतं का, रात्री पोट कोण तपासणार? बिलाची काळजी असेल तर हॉस्पिटल सरकारच्या महात्मा फुले योजनेत (मोफत उपचारांची योजना) आहे का ते बघा आणि रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे योजनेचं काम बघणाऱ्याला, भेटा.