कमी चाललेल्या जुन्या मोटारी : वाचकांच्या शंका

प्रश्न : आमच्या काकांनी १९८७ साली नवी प्रीमिअर पद्मिनी घेतली होती. काका-काकू दोघेच असल्यामुळे प्रभात रस्त्यावरच्या बंगल्यातून ही गाडी निघायची ती संकष्टीला कसब्याच्या गणपतीला आणि क्वचित कोणाच्या लग्नाकार्याला. २०१९ मध्ये काका गेले, तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही. मीटरवर ११,६४० किलोमीटर आहेत आणि सीटवरचे प्लास्टिकही काढलेले नाही. एक परिचित म्हणतात, नवा रंग देऊन विका, किंमत दुप्पट येईल. आमचे मेस्त्री म्हणतात, बॅटरी बसवू आणि स्टार्टर मारून बघू. आम्ही काय करावे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : या दोन्ही सल्ल्यांपैकी एकही तूर्त अमलात आणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रंगाच्या सल्ल्याने गाडीची किंमत जाईल आणि स्टार्टरच्या सल्ल्याने कदाचित इंजिन जाईल.

आधी किमतीविषयी. पद्मिनी ही कधीच दुर्मीळ गाडी नव्हती. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात फियाट ११०० म्हणून ती घडू लागली, १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती अक्षरशः घराघरांत ओळखीची झाली. त्या टॅक्सींपैकी शेवटची २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदवली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपताच २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. परंतु जी वस्तू सर्वांकडे असते ती कोणी जपून ठेवत नाही. शिवाय तो काळ असा होता की गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. एवढ्या प्रतीक्षेनंतर हाती आलेली गाडी लोक भरपूर चालवत, इंजिनाचे काम करून पुन्हा चालवत आणि अखेरीस तिचा पत्रा सडला की भंगारात देत. म्हणून लाखाच्या वर किलोमीटर झालेली, दोनदा रंगवलेली पद्मिनी आजही शोधली तर सापडते. पण बारा हजारांच्या आतली, कोणाचाच हात न लागलेली पद्मिनी सापडणे फार कठीण आहे.

तिचे मोल नेमके कशात आहे, हे नीट समजून घ्यावे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर अवलंबून आहे. ग्राहक केवळ कमी झिजलेल्या इंजिनासाठी जास्त पैसे मोजत नाही. इंजिन तर नव्याने बांधता येते. कारखान्यातून बाहेर पडताना रंगाचा थर किती जाड होता, दाराच्या रबराची घडी कशी होती, सीटची शिलाई कोणत्या दोऱ्याने घातली होती, कोणत्या जागी कोणता स्क्रू होता, याची साक्ष देणारी गाडी एकदाच तशी असते. पद्मिनी पूर्ववत करू पाहणारा माणूस अशाच एखाद्या गाडीपाशी येऊन, वाकून, मोजमापे घेऊन जातो. नवा रंग चढला की ही साक्ष पुसली जाते आणि तुमची गाडी इतर रंगवलेल्या गाड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहते. २०१३ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात एका जुन्या शेव्हरोले विक्रेत्याच्या साठ्यातल्या गाड्या लिलावात निघाल्या होत्या. त्यांतला १.३ मैल चाललेला १९५८ चा एक पिकअप ट्रक १,४०,००० डॉलरना गेला, आणि तोही कसलीही रंगरंगोटी न करता, इतकी वर्षे पडून होता त्याच स्थितीत. आपल्या पद्मिनीला असे भाव येणार नाहीत, हे उघड आहे. पण ग्राहकाच्या मनाची ओढ तीच आहे.

आता दुसरी बाजू. किलोमीटर कमी म्हणजे गाडी निरोगी, असे समीकरण नाही. ओक्लाहोमामधील टल्सा शहराने १९५७ मध्ये एक कोरी प्लायमाउथ बेल्व्हडिअर काँक्रीटच्या खड्ड्यात पुरून ठेवली होती, पन्नास वर्षांनी नागरिकांना दाखवण्यासाठी. २००७ मध्ये झाकण उघडले तेव्हा आत पाणी शिरलेले होते आणि गाडी गंजाने खाऊन टाकलेली होती. मीटर मात्र जवळजवळ कोरा. याच्या अगदी उलट, १९६६ ची व्होल्व्हो पी१८०० बाळगणाऱ्या इर्व्ह गॉर्डन यांनी ती एकच गाडी ३० लाख मैलांच्या पुढे नेली, कारण ती रोज चालत होती आणि तिचे तेलपाणी वेळच्या वेळी होत होते.

काकांच्या गाडीबाबत मला काळजी वाटते ती आणखी एका गोष्टीची. ३२ वर्षांत ११,६४० किलोमीटर म्हणजे महिन्याला सरासरी तीसच किलोमीटर. प्रभात रस्त्यावरून कसब्याला जाऊन येणे सात-आठ किलोमीटरचे. एवढ्या फेरीत इंजिन जेमतेम तापते. पेट्रोल जळताना तयार होणारी पाण्याची वाफ इंजिन पुरेसे तापले नाही तर ऑईलमध्येच उतरते, ऑईलचा चिकट गाळ होतो आणि सायलेन्सर आतून गंजत जातो. काका गाडी प्रेमाने वापरत होते, यात मला शंका नाही, पण इंजिनाच्या दृष्टीने तिची कात्रज घाट चढणारी एखादी लांब फेरी अधिक हिताची ठरली असती.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकी आतून तपासावी. सहा वर्षांचे पेट्रोल डिंकासारखे होऊन पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवते. मग ऑईल बदलावे, प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडेसे ऑईल सोडावे, ते एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि इंजिन पुलीच्या नटला पाना लावून हातानेच हळूहळू फिरवून बघावे. ते सहज फिरले तरच बॅटरीचा विचार करावा. पिस्टन रिंग गंजून धरल्या असतील आणि तशातच स्टार्टर मारला, तर सिलेंडरला ओरखडे पडतात. गाडी सुरू झाली म्हणून लगेच रस्त्यावर आणू नये. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे चाकांपाशी ब्रेक दाबणारे व्हील सिलेंडर आतून गंजलेले असण्याचीच शक्यता अधिक. तेव्हा ब्रेकचे सर्व रबर, पाण्याचे आणि पेट्रोलचे होज पाइप नवे घालावेत. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्या काळच्या रबराला ते मानवत नाही, हेही लक्षात असू द्यावे. टायर कितीही नवे दिसत असले तरी त्यांवर गाडी पळवू नये.

मात्र काढलेला एकही भाग टाकून देऊ नका. प्रत्येकाला चिठ्ठी बांधून, तारीख लिहून, पेटीत ठेवा. मूळ टायर, स्टेपनी, जॅक आणि टूलकिट हे सारे गाडीसोबतच पुढे गेले पाहिजे. सीटवरचे प्लास्टिक ठेवायचे असेल तर निदान पावसाळ्यात त्याच्या कडा मोकळ्या करा, कारण पुण्याच्या जुलै-ऑगस्टमधली ओल आत कोंडली की कापडाला बुरशी येते.

विकावी की ठेवावी, हा घरचा प्रश्न आहे. ठेवणार असाल तर मीटर वाढेल या धास्तीने तिला उभी करून ठेवू नये. महिन्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर, इंजिन पूर्ण तापेल अशी फेरी मारली तर वर्षाला तीनशेच किलोमीटर वाढतात आणि दहा वर्षांनीही ती पंधरा हजारांच्या आतच राहते. मॅक्लारेन एफ१ सारख्या दुर्मीळ स्पोर्ट्स कारची गोष्ट निराळी. ३९० किलोमीटरही न झालेली अशी एक गाडी २०२१ मध्ये दोन कोटी डॉलरच्या वर गेली आणि तिथे प्रत्येक किलोमीटरला खरोखरच किंमत आहे. पद्मिनीच्या बाबतीत चालू स्थितीतली, अस्सल गाडी ही बंद पडलेल्या अस्सल गाडीपेक्षा केव्हाही सरस.

प्रश्न : १९८० च्या दशकातली मारुती ८०० विकत घेण्याचा विचार आहे. मालक ९,००० किलोमीटर सांगतात. मीटर खरा आहे, हे कसे ओळखावे?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : मीटरचा आकडा सर्वांत शेवटी बघावा. त्या काळच्या अनेक गाड्यांच्या मीटरमध्ये पाचच आकडे असत, त्यामुळे ९,००० म्हणजे १,०९,००० सुद्धा असू शकतात. मीटरची केबल तुटून वर्षानुवर्षे तशीच राहिली असेल, तर मालक प्रामाणिक असूनही आकडा खोटा ठरतो. मीटर मागे फिरवणारे आहेतच.

क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर पाहा. नऊ हजारांत त्याच्या रेघा गुळगुळीत होत नाहीत. चालकाच्या बाजूचे दार थोडे उघडून वर उचलून बघा. बिजागरी सैल झाली असेल तर ते खूप वेळा उघडले गेले आहे. ऊन समोरून येत असताना पुढची काच पाहिली की वायपरचे ओरखडे आणि खडी उडून पडलेले बारीक ठिपके दिसतात. डॅशबोर्डच्या स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या असतील तर तो का उघडला होता, हे विचारावे. टायरच्या बाजूवर तो कधी बनला हे सांगणारे चार आकडे असतात. २३०७ म्हणजे २००७ सालचा तेविसावा आठवडा. टायर नवे असणे हा दोष नाही, मात्र ते बदलल्याचे बिल मालकाने दाखवायला हवे.

खरा पुरावा कागदांचा. फ्री सर्व्हिसची कूपने, सर्व्हिस बुकातील नोंदी, बॅटरीची आणि गॅरेजची बिले तारखेप्रमाणे लावा आणि त्यांवरचे किलोमीटर सावकाश, सलग चढत जातात का ते पाहा. मध्येच दहा वर्षांची पोकळी असेल, तर ‘९,०००’ या आकड्यासाठी वेगळे पैसे देऊ नयेत. गाडी आहे त्या स्थितीची किंमत द्यावी. पहिल्या मारुतीची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली, म्हणजे या गाड्यांचे पहिले मालक किंवा त्यांची मुले अजून भेटू शकतात. आरसी बुकात दुसरे नाव असेल तर पहिल्या मालकाला जरूर गाठा. दहा मिनिटांच्या बोलण्यातून जे कळते ते कोणत्याही तपासणीतून कळत नाही.

प्रश्न : वडिलांची १९७१ ची फियाट फार कमी चालली आहे. तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करावी का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने केलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली खासगी गाडी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते; नूतनीकरणाला ५,००० रुपये पडतात. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. आपण तिच्यातून कुटुंबासह रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊ इच्छित असाल, तर हा मार्ग घेऊ नये; दर पाच वर्षांनी पासिंग करून आणि पर्यावरण कर भरून जुनी नोंदणीच चालू ठेवावी. पासिंगसाठी गाडी चकचकीत दिसावी म्हणून रंग मारून घेऊ, असे कोणी सुचवले तर ऐकू नये. दिवे, ब्रेक आणि हॉर्न नीट असावेत, पत्रा सडलेला नसावा, एवढे पाहिले तर मूळ रंग फिका पडला म्हणून अडचण येऊ नये.